पडद्याजवळचा दरवाजा

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक शाल आहे. गावातल्या एका मंडळाने ती माझ्या खांद्यावर घातली होती. हातात नारळ दिला होता आणि माइकवरून सांगितलं होतं की, ऑपरेटर वसंत जगताप यांच्या प्रसंगावधानामुळे शेकडो लोकांचे प्राण वाचले. टाळ्या झाल्या, मी हात जोडले आणि स्टेजवरून खाली उतरलो. ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही. बायको दर दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर काढते, उन्हात टाकते, पुन्हा घडी घालते आणि विचारते, "अहो, थंडी पडलीय, घ्या की अंगावर." मी काहीतरी दुसरा विषय काढतो.

या अंकासाठी 'थिएटरच्या गमतीजमती लिहा' असा निरोप आला. गमती पुष्कळ आहेत. चौतीस वर्षं ज्याने अंधारात बसून दुसऱ्यांना सिनेमा दाखवला, त्याच्याकडे गमतींना काय तोटा? पण लिहायला बसलो आणि पहिल्यांदा ती शालच डोळ्यांसमोर आली. तिचं सांगून झाल्याशिवाय बाकीचं काही लिहवणार नाही.

आमचं थिएटर नाशकाच्या जुन्या भागात होतं. नाव लिहीत नाही. मालक गेले, इमारतही गेली, तिथे आता कपड्यांचं चार मजली दुकान आहे. मी तिथे ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे मशीनवर सिनेमा चालवणारा. लोकांना वाटायचं, हा माणूस बटण दाबतो आणि मग बिडी ओढत फुकटात पिक्चर बघतो. प्रत्यक्षात मी अर्धाही पिक्चर सलग पाहिल्याचं आठवत नाही. केबिनमध्ये दोन मशीन असायची. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की इकडची झडप बंद, तिकडची उघडी. नीट जमलं तर खाली बसलेल्या कोणाला पत्ताही लागत नाही. आमच्या धंद्यात शाबासकी अशीच मिळायची, कोणाला काही न कळून.

उजेडाचं काम याहून अवघड. मशीनच्या मागे एक पेटी असते, तिच्यात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर. त्यांच्यात वीज सोडली की वेल्डिंगच्या ठिणगीसारखा पांढरा झोत धरतो, आणि तो झोत म्हणजेच पडद्यावरचा उजेड. कांड्या जळत जातात तसं त्यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी मूठ फिरवून त्यांना जवळ आणावं लागतं. वीज जास्त दिली तर झोत लख्ख पडतो आणि कांडी भराभर संपते. वीज कमी केली तर कांडी पुरवून पुरवून वापरता येते, फक्त पडद्यावर संध्याकाळ होते.

नव्वदीत घरोघरी केबल आली आणि आमच्या थिएटरात काटकसर आली. आमचे शेठ तसे वाईट नव्हते. माझ्या मुलीच्या बारशाला स्वतः आले होते. पण कच्छी नव्हेत, मारवाडी नव्हेत, चांगले आपले मराठी असूनही सगळे त्यांना शेठ का म्हणायचे, हे एकदा त्यांच्यासोबत काम केलं की समजायचं. आधी माझा मदतनीस गेला, त्याच्या जागी कोणी आलं नाही. मग हवेचा पंखा सिनेमा सुरू होताना दहा मिनिटं आणि मध्यंतरानंतर दहा मिनिटं, एवढाच चालायला लागला. डाव्या बाजूचा कर्णा बिघडला, तो तसाच राहिला. खालच्या मॅनेजरच्या खोलीतून केबिनमध्ये वाजणारी घंटा बंद पडली, तीही तशीच. आणि एक दिवस शेठ स्वतः जिना चढून वर आले, कांड्यांना वीज देणाऱ्या रेक्टिफायरच्या काट्याकडे बघून म्हणाले, "वसंता, हा काटा जरा खाली आण. कार्बन पुरवून वापर."

"शेठ, पडद्यावर अंधार पडेल."

"हळूहळू आण ना. डोळ्याला सवय होते."

आणि मी आणला. एका आठवड्यात एक घर, असं करत तीन घरं काटा खाली आणला. शेठचं म्हणणं खरं ठरलं. एक शिट्टी वाजली नाही, एक खुर्ची आपटली नाही. एखाद्याला थोडं थोडं कमी वाढत गेलं की तो उपाशी आहे हे त्यालाही उशिरा कळतं, तसं काहीतरी झालं. मला मात्र रोज वर बसून दिसत होतं. हिरविणीचा लाल शालू आमच्या पडद्यावर तपकिरी दिसायचा. मी बाहेरगावी गेलो आणि तोच सिनेमा दुसऱ्या थिएटरात पाहिला तर मला रडू यायचं बाकी राहायचं.

सगळ्या वर्षांत तक्रार करायला एकच माणूस वर आला. देवळाली कॅम्पातला तोफखान्याचा हवालदार, रविवारची सुट्टी घेऊन आलेला. केबिनच्या दारात उभा राहून म्हणाला, "उस्ताद, बुरा मत मानना, आपकी बत्ती कम है." तोफा लांबवर नेम धरून सोडणारी नजर ती, तिला कळणारच. मला इतकी लाज वाटली की त्या संध्याकाळी मी थेट शेठपुढे जाऊन उभा राहिलो.

शेठने शांतपणे ऐकलं. "बाकी कोणी बोललं का?"

"नाही."

"मग झालं तर."

उजेड वाढवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. तेव्हा मी बाहेरून येणाऱ्या उजेडामागे लागलो, आणि इथून पुढचं सगळं माझं आहे, शेठचं नाही.

स्टॉलला, म्हणजे खालच्या बैठकीला, तीन दरवाजे होते. दोन मागे, व्हरांड्यात उघडणारे, पब्लिक तिथूनच ये-जा करायचं. तिसरा पुढे, पडद्याच्या डाव्या हाताला, गल्लीत उघडणारा. त्याच्यावर लाल अक्षरांचा दिवा होता, तो कधीच गेलेला. आत कडी असायची. दुपारी बाराच्या मॅटिनीला हा दरवाजा जरासा जरी किलकिला झाला तरी गल्लीतल्या उन्हाचा एक पट्टा पडद्यावर पडायचा. पूर्वी झोत लख्ख होता तेव्हा हा पट्टा कोणाला जाणवायचा नाही. आता आमचा उजेडच इतका मिणमिणता झाला होता की त्या पट्ट्याने निम्मं चित्र पुसलं जायचं.

आणि तो दरवाजा कोण उघडायचं, हे मला वरून स्पष्ट दिसायचं. भागाबाई. मखमलाबादकडची म्हातारी, घरच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती पाटीत घालून पहाटे पंचवटीत आणायची. साडेअकरापर्यंत फुलं संपायची. मग सुनेला वाटायचं सासू बाजारात बसलीय, आणि सासू आमच्या मॅटिनीला, दरवाजाजवळच्या कडेच्या खुर्चीवर. आठवड्यातून दोनदा तरी यायची, तोच पिक्चर असला तरी. आमचा डोअरकीपर सलीमभाई तिला टॉर्च न दाखवता नुसतं "आओ मावशी" म्हणायचा. ती खुर्चीवर बसली की दहा मिनिटांत कडी काढायची, दरवाजा वीतभर उघडायची आणि त्याच्या फटीत आपली रिकामी पाटी उभी करायची.

एकदा मध्यंतरात मी खाली जाऊन तिला हटकलं. "मावशी, दरवाजा का उघडता? पिक्चर दिसत नाही त्यानं."

"आरं दादा, जीव घुसमटतो. तुमचा पंखा बंद, वरून ह्या बिड्यांचा धूर. जरा वारं यू दे की."

"बाकी लोक बसतातच ना?"

"त्यांचं त्यांना. मला दमा हाय लहानपणापासून. आन तुझा पिक्चर दिसतो की मला. लय चांगला दिसतो."

तिला दिसत होता, ह्याचाच मला राग आला. फिकट, पट्टा पडलेलं, तपकिरी चित्र तिला चांगलं वाटत होतं. मी मॅनेजरकडे गेलो. देसले आमचे मॅनेजर, सटाण्याकडचे, मऊ स्वभावाचे, कोणी तीनदा सांगितलं की ऐकणारे. मी त्यांना दहादा सांगितलं. फुकटे लोक गल्लीतून आत शिरतात असंही एकदा जोडून दिलं. तसं कधी घडलं नव्हतं. शेवटी देसल्यांनी कंटाळून कडीला भलंमोठं कुलूप घातलं, आणि मी स्वतःच्या हाताने त्याच्यावर लोखंडी दांडी ठोकून काळा जाड पडदा टांगला. सलीमभाईने खिळे धरले होते. ठोकून झाल्यावर तो म्हणाला, "वसंतभाऊ, ये ठीक नहीं लगता मेरेको. एमर्जन्सीचा दरवाजा आहे तो."

"चावी आहे ना ऑफिसात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मॅटिनीला हॉल काळाभोर होता, आणि त्या काळोखात आमचं चित्र, कमी का होईना, पण एकसारखं उठून दिसत होतं. खरं सांगतो, मी खूश होतो. भागाबाई आली, दारावरचा पडदा चाचपला, कुलूप हाताला लागलं तशी वर केबिनकडे एकदा बघितलं आणि खुर्ची दरवाजाकडे जरा तिरकी सरकवून बसली. खुर्च्या पक्क्या ठोकलेल्या होत्या, म्हणजे तीच तिरकी बसली. फटीला नाक लावल्यासारखी.

यानंतर चार-पाच महिन्यांनी तो दिवस उजाडला. नवा सिनेमा, पहिला आठवडा, शनिवारचा मॅटिनी. खाली स्टॉल भरलेला. भाजी विकून एस.टी.ला अवकाश असलेली माणसं, मुलं घेऊन आलेल्या बाया, कांद्याची गाडी रिकामी करून आलेले देवळ्याकडचे दोन-तीन ड्रायव्हर. देसल्यांनी खूश होऊन पंखा बराच वेळ चालू ठेवायला सांगितला होता. तो पंखा पडद्यामागच्या खोलीत होता, आणि त्याची मोटर एवढा वेळ चालायची सवय कधीच विसरली होती.

एक वाजून गेला असेल. मध्यंतराला अजून चांगली वीस-बावीस मिनिटं होती. मी मूठ फिरवून कांड्या जवळ आणल्या आणि सवयीने काचेच्या खिडकीतून झोताकडे बघितलं. झोतात धूर नेहमीच असतो. थिएटरातल्या माणसाला तो वाचता येतो. बिडीचा धूर खुर्च्यांमधून दोऱ्यासारखा उठतो, वळवळत वर जातो आणि झोतात शिरला की पांढरा होतो. त्या दिवशीचा धूर दोऱ्यासारखा नव्हता. तो पडद्याच्या उजव्या अंगाकडून आडवा येत होता, थरासारखा, आणि त्याला निळसर पिवळट रंग होता.

पडद्यामागे आवाज घुमू नये म्हणून काथ्याच्या चटया लावलेल्या असतात. आमच्या चटया माझ्याहून जुन्या. काथ्या भडकत नाही, आत आत धुमसत राहतो आणि धूर ओकतो. ज्वाळा दिसेपर्यंत माणसं गुदमरून पडलेली असतात.

खाली कोणालाच काही कळलेलं नव्हतं. कळणार कसं? धुराची सवय, अंधुक चित्राची सवय, उकाड्याची सवय. एखाद-दुसरा खोकत होता, पण तसं तर रोजच कोणी ना कोणी खोकतं.

मी आधी घंटेकडे वळलो. ती घंटा खालून वर वाजणारी, आणि तीही मेलेली. माझ्याकडून खाली निरोप द्यायला काही नव्हतं. केबिन सोडून धावलो तर जळता कार्बन आणि चालतं रीळ मागे टाकायचं. मशीन बंद करून दिवे लावले आणि 'आग' असं ओरडलो तर पाचेकशे माणसं मागच्या दोन दरवाजांवर एकदम जाणार. आणि तिसऱ्यावर माझं कुलूप. त्या क्षणी ते कुलूप मला इतकं स्पष्ट दिसलं, जणू काळा पडदा त्याच्यावर नव्हताच.

एक गोष्ट हाताशी होती. केबिनमध्ये स्लाइड दाखवायचं छोटं यंत्र असायचं. जाहिराती, 'अमुक नंबरच्या स्कूटरवाल्याने गाडी काढावी', असले निरोप काचेवर शाईने लिहून आम्ही पडद्यावर टाकायचो. तिथेच 'मध्यंतर' लिहिलेली काच तयार होती. मी विचार केला असं म्हणवत नाही. हातांनी केलं. आवाज हळूहळू खाली आणला, झडप टाकली, मध्यंतराची काच लावली आणि हॉलचे दिवे रोजच्यासारखे सावकाश वाढवले.

खालून आरडाओरडा झाला. "ए, एवढ्यात कसला इंटरव्हल?" "अजून टाइम हाय!" शिट्ट्या. पण चहाची तलफ मोठी असते. मागच्या रांगा उठल्या. पुढच्या बसूनच राहिल्या. मध्यंतरात निम्मं थिएटर कधीच उठत नाही. बाया मुलांना घेऊन बसतात, पुरुष समोसे आणायला जातात. आणि धूर येत होता पुढून.

मी एक कोरी काच घेतली. शाईची दौत सांडली, तीच बोटाने फासून लिहिलं, 'आज सर्वांना चहा मोफत. व्हरांड्यात. सावकाश यावे.' अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी आली होती. लावली. फुकट म्हटल्यावर झुंबड उडाली असती तर? पण 'सावकाश यावे' हे लोकांनी कसं कोण जाणे मनावर घेतलं. हसत, कोपरखळ्या मारत माणसं उठली. बाया मुलांची बोटं धरून निघाल्या. कोणीतरी ओरडलं, "शेठच्या घरी नातू झाला काय रे?" सगळे हसले, आणि हसतच धुरापासून लांब चालत राहिले.

तेवढ्यात जिन्यावर धडधडत देसले वर आले. "काय व्हयनं, भाऊ? कुणी सांगितला फुकट चहा? शेठ मला—"

मी त्यांची मान धरून खिडकीला लावली. त्यांनी पडद्याचा उजवा कोपरा बघितला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"पुढच्या दरवाजाची चावी?" मी विचारलं.

"ऑफिसात... खिळ्याला... नाही. नाही, काल मी जुडगा घरी नेला. तो पँटीत राहिला. दुसऱ्या पँटीत."

मी पुन्हा खाली बघितलं. स्टॉल जवळपास रिकामा होत आला होता. मागच्या दोन दरवाजांच्या मधोमध सलीमभाई हात पसरून उभा, माणसांना एकेक करून सोडत होता. आणि पुढे, डाव्या कोपऱ्यात, एक हिरवं लुगडं काळ्या पडद्याशी झगडत होतं. भागाबाईला वाचता येत नव्हतं. चहा मोफत आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दम कोंडायला लागला तशी ती सवयीने आपल्या दरवाजाकडे वळली होती. पडदा बाजूला करून ती दोन्ही हातांनी फळी ढकलत होती. फळी हलत नव्हती. तिच्यात आणि मागच्या दरवाजांत धुराचा पिवळा थर उतरला होता.

काच ठोठावून काही उपयोग नव्हता. मी कार्बन विझवला, मशीनचा खटका ओढला, देसल्यांना म्हणालो, "बाहेरच्यांना बाहेरच ठेवा आणि बंबाला फोन करा." मग जिना उतरलो. किती पायऱ्या चुकवल्या ते माहीत नाही. खाली सलीमभाईला नुसतं "मावशी!" म्हणालो. त्याने पुढचं विचारलं नाही. भिंतीवरच्या वाळूच्या बादल्यांमधली एक उचलली, वाळू तिथेच उपडी केली आणि माझ्याबरोबर धावला.

पुढच्या रांगांपर्यंत जाईस्तोवर डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. उजेड होता, पण पाच खुर्च्यांपलीकडे दिसत नव्हतं. मी खुर्च्यांच्या पाठी मोजत गेलो. रोज वरून बघितलेलं थिएटर, पण खालून ते मला अनोळखी होतं. पायाला पाटी लागली तेव्हा कळलं की पोहोचलो. भागाबाई दरवाजाला टेकून खाली बसली होती. तोंड उघडं, आणि नुसता सूं सूं आवाज.

सलीमभाईने बादलीच्या बुडाने कुलुपावर घाव घातला. एक, दोन. कुलूप चांगल्या प्रतीचं होतं. त्यासाठीही मीच आग्रह धरला होता. तिसऱ्या घावाला बादली चेपली. "कडी पे मार!" मी ओरडलो. जुन्या लाकडात बसवलेली कडी होती. मी काळ्या पडद्याची दांडी उपटली, कडीत घातली आणि दोघांनी लोंबकळून जोर लावला. कडी खिळ्यांसकट निघून आली आणि आम्ही तिघं दरवाजासकट गल्लीत पडलो.

ऊन इतकं होतं की मला क्षणभर काहीच दिसेना.

बंब आला, चटया भिजवल्या, पडदा अर्धा जळाला. व्हरांड्यात पाचेकशे माणसं उभी राहून चहाची वाट बघत होती. देसल्यांनी समोरच्या हॉटेलातून खरोखरच चहा मागवला. बाकी कोणालाही ओरखडा आला नाही. भागाबाईला रिक्षात घालून सिव्हिलला नेलं.

पुढचं तुम्ही ऐकलंच. वर्तमानपत्रात चौकट आली, मंडळाने सत्कार केला. दरवाजाला कुलूप का होतं हे कोणी विचारलंच नाही. देसले बोलले नाहीत, कारण कुलूप त्यांच्या हातचं होतं. सलीमभाई बोलला नाही, कारण तो सलीमभाई होता. त्याने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं, मी स्टेजवरून उतरताना. मला आजही वाटतं, त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी मोसंबी घेऊन सिव्हिलमध्ये गेलो. भागाबाई खाटेवर उशी पाठीशी घेऊन बसली होती. सून डबा आणायला गेली होती, म्हणजे सुनेला आता मॅटिनीचं सगळं कळलेलं होतं. मी स्टुलावर बसलो. जाताना रस्ताभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरलो.

"मावशी, ते कुलूप मी लावायला लावलं होतं."

"तू व्हय? मला वाटलं चोराचिलटापायी लावलं."

"तुम्ही दरवाजा उघडायचात. पडद्यावर ऊन यायचं. चित्र दिसायचं नाही."

तिने मान हलवली. समजल्यासारखी. थोडा दम खाऊन तिने विचारलं, "मंग? दिसाया लागलं व्हतं का नीट?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, एवढा उपद्व्याप केला तर त्याचा काही उपयोग तरी झाला का. मी मोसंबी सोलायला लागलो. सोलून फोडी तिच्या हातात दिल्या आणि निघून आलो. ती पुढे बरी झाली, पंचवटीत फुलंही विकायला बसायची, पण आमच्या थिएटरात पुन्हा आली नाही. त्या बाजूने मला जायचं असलं तर मी दुसऱ्या गल्लीने जायचो. काही वर्षांनी तिच्या जागेवर सून बसलेली दिसली.

थिएटरचं दार नव्याने बसवलं, कुलूप गेलं. काटा मात्र होता तिथेच राहिला. आणखी काही वर्षं त्या संध्याकाळच्या उजेडात सिनेमे चालले, मग दोन शो, मग एक, मग नुसत्या पोस्टरच्या पाट्या. बंद झालं तेव्हा मी कुलूप लावायला गेलो नाही. दुसऱ्या कोणाला तरी लावायला सांगितलं.

नव्या मॉलमध्ये मल्टिप्लेक्स आलं, तेव्हा मुलगा आणि सून मला हट्टाने घेऊन गेले. खुर्ची मऊ, गार हवा, आवाज छातीत घुमणारा. आणि दहा मिनिटांत मला दिसलं की उजेड कमी आहे. कार्बनचे दिवस गेले, तिथे मोठा दिवा असतो, पण त्याची मुदत संपल्यावरही तो ओढत नेतात, हे ओळखायला मला यंत्र बघावं लागलं नाही. हिरविणीचा शालू तपकिरी होता. मी उठून बाहेर गणवेशातल्या मुलाकडे गेलो.

"बाळा, तुमचा दिवा बदलायला झालाय."

तो अदबीने हसला. "काका, बाकी कोणाची कम्प्लेंट नाही."

मी परत आत आलो, पण खुर्चीकडे गेलो नाही. पडद्याच्या डाव्या हाताला हिरव्या अक्षरांचा दिवा होता, चालू. त्याच्याखाली दरवाजा, आडव्या दांडीचा. हात आपोआप गेला. मी दांडी दाबली. दरवाजा सहज उघडला, बाहेरच्या मार्गिकेतला पांढरा उजेड पट्ट्यासारखा आत पडला आणि मी चपलेचं टोक फटीत घातलं.

"ओ काका! दार लावा ना! पिक्चर दिसत नाहीये!" मागून कोणीतरी तरुण ओरडलं. आवाजात अगदी माझा राग होता.

मी पडद्याकडे बघितलं. पट्टा निम्म्या चित्रावरून गेला होता. चित्र फिकं झालं होतं, पण त्या पट्ट्यातही मला सगळं दिसत होतं. रस्ता दिसत होता, झाडं दिसत होती, दोन माणसं बोलत होती त्यांचे ओठसुद्धा दिसत होते. सिव्हिलमधल्या त्या स्टुलावरून मी भागाबाईला उत्तर न देता उठलो होतो.

"लावतो, बाळा," मी म्हणालो. "दिसतंय की पण. लय चांगलं दिसतंय."